अभ्यासपाठ : जांभळाचा रंग आणि उन्हाची झळ

शास्त्रभाग : गीतरत्न 1:5-6, योना 4:5-8



मागील उन्हाळ्यात कळंबजवळच्या पारधी वस्तीवर मी बायकांसाठी एक आरोग्यपाठ घेतला. विषय रानमेव्याचा होता. बोर, जांभूळ, करवंद, तुती यांत काय काय असते, ते मी मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या भरात एक वाक्य असेही बोलले की जांभळाचा जो रंग जिभेवर राहतो, तोच रंग उन्हापासून कातडीचे रक्षण करतो. हे मी थोड्याच दिवसांपूर्वी कुठेतरी वाचले होते. अर्धवट वाचले होते, हे आज कबूल करते. त्या एका वाक्यामुळे काय झाले आणि त्यानंतर मी काय शिकले, तोच हा पाठ आहे.

या वस्तीवर सात वर्षांची एक मुलगी आहे. तिचे केस मक्याच्या कणसाच्या केसरांसारखे फिकट आहेत, कातडी दुधासारखी पांढरी, आणि उजेडात आली की ती डोळे बारीक करते. वस्तीवर कोणी त्याला कोड म्हणत होते, कोणी देवीचा कोप. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा अल्बिनिझम आहे. कातडीला, केसांना आणि डोळ्यांना रंग देणारे मेलॅनिन नावाचे द्रव्य तिच्या शरीरात जन्मापासून तयारच होत नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही सदोष जनुक एकत्र आले तरच असे मूल जन्मते. आईबाप दोघेही दिसायला अगदी इतरांसारखे असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाच्या वेळी ही शक्यता चारात एक असते. नात्यात लग्ने होतात तिथे हे जास्त दिसते, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे किती जातीजमातींत आहे हे सांगायला नको. तेव्हा कोप कोणाचाच नाही.

आपल्या देणगीतून तिला लांब बाह्यांचे दोन झगे आणि काठाची टोपी दिली होती. ती ते नीट घालतही होती. मग माझा पाठ झाला. जूनमध्ये, पाऊस पडायच्या आधी, मुले ओढ्याकाठी जांभळे वेचायला गेली, त्यांत ही पण गेली. फांद्यांत टोपी अडकते म्हणून ती काढून ठेवली, झग्याच्या बाह्या वर सरकवल्या. आईने पाहिले, पण अडवले नाही. पोर दोनतीन तास उन्हात होती. संध्याकाळी मान, कान आणि हात लालबुंद झाले. दुसऱ्या दिवशी मानेवर फोड आले.

मी मलमपट्टीला गेले तेव्हा तिची आई रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "ताई, तुम्हीच म्हनलात ना, जांभूळ खाल्लं की ऊन बाधत न्हाई. म्या तिला ओंजळभर खाऊ घातली होती."

फोड सुकेपर्यंत मी रोज ड्रेसिंगला जात होते. त्या दिवसांत मी अर्धवट वाचलेले पुन्हा बसून पूर्ण वाचले. आपल्यापैकी अनेकांनी मला याच विषयावर बातम्यांची कात्रणे पाठवली आहेत. पुण्याच्या एका बहिणीने तर या मुलीसाठी बेरीच्या गोळ्यांचे एक खोकेच पाठवले आहे, आणि सनस्क्रीनवर होणारा खर्च यापुढे याच गोळ्यांवर करावा अशी प्रेमळ सूचनाही केली आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते.

बातम्या खोट्या नाहीत, हे आधी सांगते.

झाडाला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही. जिथे रुजले तिथेच त्याला दिवसभर ऊन सोसावे लागते. सूर्यप्रकाशात आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात, आणि ते झाडाच्या पेशींनाही इजा करतात. त्यासाठी निर्माणकर्त्याने झाडांना आतूनच एक छत्री दिली आहे. फ्लॅवोनॉइड या नावाने ओळखली जाणारी द्रव्ये झाड स्वतः तयार करते आणि पानाफळांच्या सालीत साठवते. जांभूळ, काळी द्राक्षे, करवंद, तुती यांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिनचा, आणि अँथोसायनिन त्याच कुटुंबातले. 1993 मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपट्याच्या अशा जाती घेतल्या, ज्यांना ही द्रव्ये बनवताच येत नव्हती. अतिनील किरणांखाली ती रोपे साध्या रोपांपेक्षा फार लवकर कोमेजली. सफरचंदाची उन्हाकडची बाजू जास्त लाल होते हे आपण बाजारात पाहतोच.

आता माणसाच्या कातडीकडे येऊ. अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. एक प्रकार कातडीच्या वरच्या थरात शिरतो आणि पेशीच्या केंद्रातील डीएनएवर थेट आघात करतो. डीएनए म्हणजे पेशीने जगायचे कसे याचे लिखाण. या आघाताने त्यातली शेजारशेजारची अक्षरे एकमेकांना चिकटतात. पेशी ती दुरुस्त करते, पण चुका फार झाल्या तर काही तशाच राहतात, आणि त्यांतूनच पुढे कर्करोग होऊ शकतो. दुसरा प्रकार खोल जातो. तिथे तो ऑक्सिजनचे उपद्रवी कण तयार करतो आणि ते कण पेशीच्या आवरणाला, प्रथिनांना इजा करत सुटतात. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिनचे बारीक कण पेशीच्या केंद्रावर अक्षरशः टोपीसारखे जाऊन बसतात. आमच्या मुलीच्या पेशींना ती टोपी नाही. म्हणून तिला बाहेरची टोपी लागते.

फळांतील द्रव्ये यात काय करू शकतात, यावर चांगले काम झाले आहे. 2012 मध्ये इटली आणि स्पेनच्या संशोधकांनी माणसाच्या कातडीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. काहींत स्ट्रॉबेरीचा अर्क घातला, काहींत घातला नाही. मग फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर उन्हाळ्यात भर दुपारी 90 मिनिटांत जेवढे किरण लागतात तेवढे त्यांवर सोडले. अर्क घातलेल्या पेशी जास्त जगल्या आणि त्यांच्या डीएनएला इजा कमी झाली. अर्क जास्त तसे रक्षणही जास्त. कोरियातील हालिम विद्यापीठाने 2010 मध्ये एलॅजिक अॅसिडवर काम प्रसिद्ध केले. हे द्रव्य स्ट्रॉबेरीत, डाळिंबात आणि आपल्या जांभळातही असते. केस नसलेल्या जातीच्या उंदरांना आठ आठवडे किरण दिले आणि काहींच्या कातडीवर हे द्रव्य लावले. लावलेल्या उंदरांना सुरकुत्या कमी पडल्या, सूजही कमी आली.

हे वाचून मन हरखते. माझेही हरखले होते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे आपल्याला माहीत असेल. पण नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्याचे आदिवासी शेतकरीही आता स्ट्रॉबेरी पिकवतात आणि सापुताऱ्याच्या रस्त्याकडेला टोपल्या मांडून विकतात, हे थोड्यांना माहीत असते. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळालाही मानांकन मिळाले आहे. रानमेव्याला असा मान मिळाला की आदिवासींसाठी काम करणाऱ्यांना आनंद होणारच. हा आनंदच मला वस्तीवर घाईने घेऊन गेला.

पण बशीतली पेशी म्हणजे आमची मुलगी नव्हे. बशीत अर्क थेट पेशीवर पडतो. पोरीने खाल्लेले जांभूळ आधी पोटात जाते, मग आतड्यात. अँथोसायनिनचा फार थोडा अंश जशाचा तसा रक्तात उतरतो. एलॅजिक अॅसिडचे तर आतड्यातले जंतू दुसऱ्याच द्रव्यात रूपांतर करतात. ते जंतू प्रत्येकाच्या पोटात सारखे नसल्याने कोणात ते द्रव्य भरपूर बनते, कोणात जवळजवळ बनतच नाही. त्यातून जे उरते ते साऱ्या शरीरात वाटले जाऊन मग कुठे कातडीपर्यंत पोहोचायचे. आणि त्या उंदरांना तर ते खाऊ घातले नव्हते, कातडीवर लावले होते. बातमीच्या मथळ्यात यातले काहीच येत नाही.

मग माणसांना खाऊ घालून कोणी पाहिले आहे का? पाहिले आहे, आणि या पाठातला सर्वांत उपयोगाचा भाग हाच. 2021 मध्ये अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 19 माणसांना 14 दिवस रोज द्राक्षांची भुकटी दिली. तेवढ्या भुकटीसाठी रोज सव्वादोन कप ताजी द्राक्षे लागतील. द्राक्षे सुरू करण्याआधी आणि नंतर त्यांच्या कातडीच्या लहान ठिपक्यांवर किरण सोडून लाली यायला किती किरण लागतात ते मोजले. नंतरच्या मोजणीत सरासरी 74.8 टक्के जास्त किरण लागले. कातडीचा तुकडा तपासला तेव्हा डीएनएची इजाही कमी दिसली. पुढच्याच वर्षी, 2022 मध्ये, दुसऱ्या एका गटाने 29 जणांवर असाच प्रयोग केला. त्यांतल्या 9 जणांना असा फायदा दिसला, बाकीच्यांना नाही. या संशोधनाच्या पाठीशी कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागायतदारांच्या मंडळाचा पैसा होता, हेही लक्षात ठेवावे. एवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण आपल्या मळ्याची द्राक्षे आंबट आहेत असे कोणी सहसा सांगत नाही.

74.8 हा आकडा मोठा वाटतो. तो साध्या हिशोबात मांडून पाहू. समजा एखाद्याची कातडी उन्हात 10 मिनिटांत लाल होते. दोन आठवडे रोज सव्वादोन कप द्राक्षे खाऊन, आणि ती त्याला लागू पडली तर, ती सुमारे साडेसतरा मिनिटांनी लाल होईल. एसपीएफ 30 लिहिलेले सनस्क्रीन प्रयोगशाळेत लावतात तेवढे जाड लावले तर हाच हिशोब 300 मिनिटांवर जातो. आपण एवढे जाड कधीच लावत नाही, घामाने ते धुऊनही जाते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी. तरीही साडेसतरा कुठे आणि हे कुठे! शिवाय आमच्या वस्तीवर रोज सव्वादोन कप द्राक्षे कोण आणणार, हा प्रश्न वेगळाच.

एक गंमत सांगायची राहिली. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने स्ट्रॉबेरी ही बेरी नाहीच. द्राक्ष बेरी आहे, जांभूळ आहे, आणि टोमॅटोसुद्धा आहे. जर्मनीत 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दहा आठवडे रोज 40 ग्रॅम टोमॅटोचा घट्ट गर ऑलिव्ह तेलाबरोबर दिला. शेवटी त्यांच्या कातडीवरची लाली तो न खाणाऱ्यांपेक्षा 40 टक्क्यांनी कमी भरली. टोमॅटोतले लायकोपीन तेलाबरोबर शिजवले की अंगाला जास्त लागते. म्हणजे कळंबच्या बाजारातले टोमॅटो आणून तेलाच्या फोडणीत केलेली चटणी परदेशी बेरीच्या गोळीपुढे काही कमी पडत नाही. पण यातही फायदा दहा आठवड्यांनी दिसला आणि तो छत्रीएवढा नव्हता. भाकरीबरोबर टोमॅटोची चटणी जरूर खावी, जांभूळ, बोर, करवंदे जरूर खावीत. ते चांगले अन्न आहे. टोपी मात्र डोक्यावर ठेवूनच खावे.

याउलट बाजूही बायकांना सांगावी लागली. एका आजीने सुचवले होते की पोरीच्या अंगाला लिंबू चोळा, म्हणजे झळ लागणार नाही. हे तर फारच धोक्याचे आहे. लिंबाच्या सालीत, अंजिराच्या चिकात आणि बावचीच्या बियांत अशी द्रव्ये असतात जी कातडीवर राहिली आणि वर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड आणतात. कोडावर बावची वापरतात ती याच गुणामुळे, आणि म्हणूनच ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरू नये. हिज्कीया राजाच्या गळवावर यशयाने अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले हे आपण वाचतो. पण तो राजा घरात बिछान्यावर होता, भर उन्हात शेतात उभा नव्हता. वनस्पतीचे आहे म्हणजे निरुपद्रवीच असेल, ही समजूत शिकल्यासवरल्या घरांतही आहे.

आता शास्त्रभागाकडे वळते. गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायातील ती तरुणी यरुशलेमेच्या मुलींना सांगते की मी सावळी आहे आणि सुंदरही आहे, उन्हाने मला होरपळले म्हणून माझ्याकडे अशा पाहू नका. आणि लगेच कारणही सांगते. भाऊ तिच्यावर रागावले आणि त्यांनी तिला द्राक्षमळ्यांच्या राखणीला लावले, तिला स्वतःचा मळा राखता आला नाही. हा भाग मी वस्तीवर वाचून दाखवला तेव्हा भावांचा उल्लेख येताच बायका हसल्या. एक म्हणाली, "भाऊ तिकडं बी तसलंच व्हय!"

मला या वचनात दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की ती मुलगी दिवसभर द्राक्षांच्या मळ्यातच होती, तरी उन्हाने होरपळलीच. ज्या फळावर आज एवढे संशोधन चालू आहे, ते तिच्या हाताशी होते. आजही नाशिकच्या द्राक्षबागांत छाटणीला, विरळणीला पेठ-सुरगाण्याची आदिवासी माणसे येतात. द्राक्षाच्या सालीत ऊन अडवणारे द्रव्य असते, पण ते घड हाताळणाऱ्या मजुराला भर दुपारी सावली, पाणी आणि विसावा देणे मालकाच्याच हाती असते. आमच्या वस्तीवरच्या बाया खुरपणीला, सोयाबीन काढायला, काही ऊसतोडीला जातात. तिथेही हेच.

दुसरी गोष्ट रंगाची. मुलगी आपल्या रंगाची माफी मागत नाही. माझ्या पाठानंतर दोघीतिघी आयांनी हळूच विचारले होते, "जांभळानं पोरगी गोरी व्हईल का?" व्हायचे नाही आणि व्हायलाही नको. सावळी कातडी ही देवाने दिलेली संरक्षणाची देणगी आहे. आपल्या शेजारच्या बार्शीत 1987 पासून खेड्यांतील कर्करोगांची नोंद ठेवली जाते, देशातली खेड्यांसाठीची ती पहिलीच नोंदवही. तिथे स्त्रियांमध्ये अनेक वर्षे गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे राहिला. उन्हात राबणाऱ्या आपल्या सावळ्या लोकांत कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या देशांच्या मानाने खूपच कमी आहे, आणि याचे श्रेय मेलॅनिनला आहे. आपल्याला उन्हाचा धोका आहे तो मुख्यतः उष्माघाताचा, डोळ्यांना होणाऱ्या त्रासाचा. म्हणून वस्तीतल्या इतर मुलांना सनस्क्रीन वाटत बसण्याची गरज नाही. ज्या एका पोरीला मेलॅनिन नाही, तिला मात्र त्याची गरज अन्नाइतकी आहे.

योनाच्या चौथ्या अध्यायात निनवेबाहेर तो उन्हात बसला असता देवाने त्याच्यावर एक वेल वाढवला, त्याचा त्याला फार आनंद झाला, आणि किडीने वेल मारल्यावर ऊन डोक्याला लागून तो मूर्च्छित होऊ लागला. मूळ इब्री शब्दावरून काही अभ्यासक तो एरंड होता असे मानतात. काहीही असो, त्या वनस्पतीने योनाचे रक्षण केले ते मोठ्या पानांच्या सावलीने. त्याचे फळ खाल्ल्याचा उल्लेख नाही. एरंडच असेल तर खाल्ले नाही हे बरेच झाले!

आफ्रिकेतील टांझानियात अल्बिनिझम असलेली माणसे पुष्कळ आहेत आणि तिथे तरुण वयात कातडीच्या कर्करोगाने अनेकजण दगावत आले आहेत. त्या देशात मोशी गावी किलिमांजारो ख्रिश्चन मेडिकल सेंटर हे मिशनचे रुग्णालय 1971 पासून आहे. तिथल्या लोकांनी आपल्या आवारातच या रुग्णांसाठी 'किलीसन' नावाचे सनस्क्रीन बनवायला घेतले. ते बनवण्याच्या कामावर अल्बिनिझम असलेली माणसेही आहेत, आणि वाटपाबरोबर कातडीची तपासणी आणि शिकवणही होते. बाहेरून येणारे महाग क्रीम संपले की काम थांबायचे, म्हणून त्यांनी हा मार्ग काढला. आपले काम एका मुलीपुरते आहे, पण गोष्ट तीच आहे. मध्येच संपेल असे काही देऊ नये.

जुलैमध्ये मी वस्तीवर त्याच निंबाखाली पुन्हा पाठ घेतला. पहिल्यांदा सर्वांसमोर सांगितले की मागच्या वेळी माझे चुकले. सगळ्या गप्प होत्या. मग एक म्हातारी पारधीण बोलली, "बाई, आमाला वाटलंच हुतं. जांभूळ खाऊन ऊन लागत नसतं तर आमी जलमभर खाऊन अशा करपलो असतो का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मला जे शोधनिबंध वाचून कळले ते तिला जन्मभराच्या अनुभवाने माहीत होते. पण पांढऱ्या कपड्यातल्या बाईला तसे तोंडावर कसे म्हणावे म्हणून ती गप्प राहिली होती. यापुढे पाठ झाल्यावर मी आधी तिलाच विचारते.

आता काय चालले आहे ते थोडक्यात. कापड निवडताना आम्ही ते उजेडासमोर धरून पाहतो. पलीकडचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी दिसला तर ते कापड नको. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड पातळ पांढऱ्या सुती कापडापेक्षा किरण जास्त अडवते, आणि पातळ सुती कापड भिजले की त्याचे रक्षण आणखी कमी होते. टोपी चहूबाजूंनी काठ असलेली, कारण पुढेच झापड असलेल्या टोपीत कान आणि मान उघडी राहतात, आणि या पोरीला फोड आले ते तिथेच. टोपीला हनुवटीखाली बांधायला नाडी शिवली आहे. आता ती फांदीत अडकत नाही. सनस्क्रीन घराबाहेर पडण्याआधी आणि उन्हात असेल तर दर दोन तासांनी, तेही फक्त उघड्या राहणाऱ्या जागी, म्हणजे एक नळी जास्त दिवस पुरते. ढग असले तरी हे चुकवायचे नाही, कारण ढगांतूनही बरेच किरण येतात. सकाळी दहा ते दुपारी चार ती सावलीत असावी यासाठी शाळेतल्या गुरुजींशी बोलले आहे. तिला पुढच्या बाकावर बसवतात. अल्बिनिझममध्ये नजरही कमी असते, त्यामुळे फळा दिसत नव्हता आणि पोर मठ्ठ आहे असे समजले जात होते. नजर किती कमी आहे हे मोजून 2016 च्या दिव्यांग कायद्याखाली अल्पदृष्टीचे प्रमाणपत्र मिळवण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी लागणाऱ्या कागदांची वस्तीवर नेहमीचीच अडचण आहे. 1871 च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि 1952 मध्ये ज्यांना त्यातून मुक्त केले, त्यांच्या नातवंडांच्या जन्माच्या नोंदी आजही धड नाहीत.

पुण्याच्या बहिणीला मी पत्र लिहिले आहे. त्यांच्या प्रेमाबद्दल आभार मानून कळवले की गोळ्यांचे खोके परत पाठवत आहे. सात वर्षांच्या मुलीला अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देता येत नाहीत, आणि डॉक्टरांनी नको म्हटले. त्यांचे उत्तर लगेच आले. त्या दर तीन महिन्यांनी सनस्क्रीनच्या नळ्या पाठवणार आहेत. आणखी कोणाला मदत करायची असेल तर तयार टोपीपेक्षा घट्ट विणीच्या गडद कापडाचे तुकडे पाठवावेत. मुलगी वाढते आहे आणि तिची आई आता शिवण शिकली आहे.

मुलीच्या मानेवरचे फोड बरे झाले, एक फिकट डाग राहिला आहे. डॉक्टर दर सहा महिन्यांनी तिची कातडी पाहणार आहेत. पुढच्या महिन्यात डोळ्यांची तपासणी आहे, तिच्यासाठी आणि कागदपत्रांसाठी आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवावी. यंदाच्या जूनमध्ये ती पुन्हा जांभळाला जाणार म्हणते. सकाळी सातला, टोपी बांधून, आणि मी बरोबर असेन या अटीवर आईने हो म्हटले आहे.